जर्मनीतल्या निचरा केलेल्या पीट जमिनींचं उत्सर्जन: हिशेब नेमका कसा मांडायचा? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं नाव)

पाणवठा

उत्तर जर्मनीतल्या एका नदीकाठच्या सखल पट्ट्याच्या उत्सर्जनाचा अंदाज काढायचा आहे. क्षेत्र १,००० हेक्टर, सगळं पीटवर (पाणथळ जागी अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींची माती). त्यातलं ३०० हेक्टर नांगरटीखाली (मका आणि धान्य), ५०० हेक्टर खोल निचऱ्याचं कुरण, २०० हेक्टर उथळ निचऱ्याचं कुरण. पीट रीड आणि लव्हाळ्याच्या जातीच्या गवतांपासून बनलेलं आहे, म्हणजे आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या) भाषेत पोषकद्रव्यांनी समृद्ध. चर जुने आहेत आणि पाणी पंपघरातून नदीत टाकलं जातं.

अडचणी अशा:

१) जर्मनीत अशा जमिनी साधारण १८ लाख हेक्टर आहेत आणि त्यांचं उत्सर्जन वर्षाला ५ कोटी टनांच्या वर, देशाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे ७ टक्के, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हरितगृह वायूंच्या राष्ट्रीय अहवालात शेतीचं प्रकरण उघडलं की मात्र या जमिनींपुढे फारच लहान आकडा दिसतो. बाकीचं कुठे जातं?

२) खनिज मातीच्या (नेहमीच्या, सेंद्रिय अंश कमी असलेल्या) कर्बाचा बदल २० वर्षांत विभागतात. इथेही तसंच करायचं का? हे चर शंभर वर्षांहून जुने आहेत. मग उत्सर्जन शून्य धरायचं?

३) खोल आणि उथळ निचरा ठरवायला माझ्याकडे फक्त पंपघरातल्या चराच्या पातळीची नोंद आहे. ती चालेल का?

४) पाणी परत वर आणलं तर मिथेन वाढतो. मग फायदा उरतो का?

कर्बवही

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक गोंधळ तिथेच आहे.

एकाच जमिनीतून निघणारे वायू अहवालात दोन वेगळ्या प्रकरणांत जातात. पीट कुजून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमीनवापराच्या प्रकरणात जातो: नांगरटीखालची जमीन ४-बी मध्ये, कुरण ४-सी मध्ये. जमिनीतला आणि चरांमधला मिथेनही जमीनवापरातच. शेतीच्या प्रकरणात येतो तो फक्त नायट्रस ऑक्साइड, ‘सेंद्रिय जमिनींची लागवड’ या ओळीखाली. त्यामुळे नुसतं शेतीचं प्रकरण वाचणाऱ्याला या जमिनी किरकोळ वाटतात. तुमच्याच पट्ट्यावर हे किती फरक पाडतं ते खाली दाखवतो.

दुसरा प्रश्न: नाही, २० वर्षांची विभागणी इथे लागू नाही. खनिज मातीत वापर बदलला की कर्ब एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाऊन स्थिरावतो, म्हणून कालावधी ठरवता येतो. पीटमध्ये स्थिरावणं असं काही नसतं. पाण्याखाली हवा पोचत नव्हती म्हणून हजारो वर्षांचा पाला साठून राहिला होता. पाणी उतरलं की वरचा थर कुजायला लागतो, आणि जमीन खचली की शेतकरी चर पुन्हा खोल करतात, मग नवा थर हवेत येतो. निचरा चालू आहे आणि पीट शिल्लक आहे तोवर उत्सर्जन दरवर्षी मोजायचं. चर १८९० चा असो की १९७० चा, गुणांक (दर हेक्टरी धरायचं वार्षिक उत्सर्जन) तोच.

आता हिशेब. आयपीसीसीच्या पाणथळ जमिनींच्या २०१३ च्या पुरवणीतले समशीतोष्ण पट्ट्याचे मूळ गुणांक घेतो. मिथेनसाठी २८ आणि नायट्रस ऑक्साइडसाठी २६५ हे पाचव्या मूल्यांकन अहवालातले १०० वर्षांचे तापमानवाढ गुणक, म्हणजे एक टन वायू किती टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ते; त्यांनी गुणून येतात ते टन ‘सममूल्य’. पॅरिस करारानंतरच्या अहवालांत हेच वापरायचे आहेत. जुन्या तक्त्यांत २५ आणि २९८ असतात. दोन्हींची सरमिसळ झाली तर बेरीज तपासताना डोकं फिरतं.

नांगरटीखालची जमीन, दर हेक्टर दर वर्ष:
जागेवर कुजणारं पीट ७.९ टन कर्ब, गुणिले ४४/१२ (कर्बाच्या वजनावरून कार्बन डायऑक्साइडचं वजन), म्हणजे २८.९७ टन कार्बन डायऑक्साइड.
पाण्यात विरघळून चरावाटे बाहेर जाणारा कर्ब ०.३१ टन, म्हणजे १.१४ टन.
नायट्रस ऑक्साइड १३ किलो नत्र, गुणिले ४४/२८, म्हणजे २०.४ किलो, गुणिले २६५, म्हणजे ५.४१ टन सममूल्य.
मिथेन: जमिनीतून शून्य. चरांतून दर हेक्टर चराला १,१६५ किलो, चरांचं क्षेत्र ५ टक्के धरून ५८ किलो, म्हणजे १.६३ टन सममूल्य.
एकूण ३७.१ टन.

खोल निचऱ्याचं कुरण: कर्ब ६.१ टन (२२.४ टन), विरघळलेला तेवढाच १.१४, नायट्रस ऑक्साइड ८.२ किलो नत्र (३.४१), मिथेन जमिनीतून १६ किलो आणि चरांतून आधीसारखाच (मिळून २.०६). एकूण २९ टन.

उथळ निचऱ्याचं कुरण: कर्ब ३.६ टन (१३.२), विरघळलेला १.१४, नायट्रस ऑक्साइड १.६ किलो नत्र (०.६७), मिथेन जमिनीतून ३९ किलो आणि चरांतून दर हेक्टर चराला ५२७ किलो (मिळून १.७८). एकूण १६.८ टन.

जमिनीतल्या मिथेनचा गुणांक चर वगळून उरलेल्या ९५ टक्क्यांनाच लावायचा. हे बऱ्याच तक्त्यांत राहून जातं.

गुणाकार केला की ११,१४५ + १४,४९० + ३,३५६, म्हणजे जवळजवळ २९,००० टन सममूल्य दर वर्षी. यात शेतीच्या प्रकरणात जाणारा नायट्रस ऑक्साइड सुमारे ३,४६५ टन, म्हणजे फक्त १२ टक्के. उरलेले ८८ टक्के जमीनवापरात. शेतीची धोरणं शेतीच्या प्रकरणाकडे बघून आखली तर या पट्ट्यातला आठ भागांपैकी एकच भाग दिसतो. माझ्या मते हा केवळ तक्त्याच्या मांडणीचा प्रश्न नाही. चर कोणी खोल करायचा, अनुदान कशावर द्यायचं हे ठरवणारे लोक शेतीखात्यात बसतात आणि हा आकडा दुसऱ्याच प्रकरणात असतो.

यात खतांमुळे होणारा नायट्रस ऑक्साइड धरलेला नाही. तो वेगळ्या ओळीत येतो. पण पुढे कधी प्रत्यक्ष मोजलेला नायट्रस ऑक्साइड वापरलात आणि त्या शेताला खत दिलेलं असेल, तर मोजमापात दोन्ही आलेले असतात. मग खताचा गुणांक वरून पुन्हा लावू नका. चुना टाकत असतील तर त्याचा कार्बन डायऑक्साइडही स्वतंत्र, पंपाची वीज ऊर्जेच्या प्रकरणात.

मोजपट्टी

कर्बवहींचे आकडे बरोबर आहेत. पण चरांचं ५ टक्के क्षेत्र डोळे झाकून घेऊ नका. नकाशावरून चरांची लांबी काढा आणि पाण्याच्या पृष्ठभागाच्या रुंदीने गुणा. समजा ८० किलोमीटर चर आहेत आणि सरासरी रुंदी दीड मीटर. क्षेत्र झालं १२ हेक्टर, म्हणजे १.२ टक्के. सगळे खोल निचऱ्याचे धरले तरी मिथेन १४ टनांच्या आत, म्हणजे ३९० टन सममूल्य. ५ टक्के धरून चरांचा मिथेन १,४५० टनांच्या आसपास येतो. फरक हजार टनांचा. जिथे जमिनीखालून निचरा नळ्या घातल्या आहेत तिथे उघडे चर कमी असतात, तिथे ही चूक हमखास होते.

आता तिसरा प्रश्न. पंपघरातल्या पातळीवरून खोल-उथळ ठरवू नका. आयपीसीसीची सीमा शेतातल्या भूजलाच्या वार्षिक सरासरी पातळीची आहे: पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटरपेक्षा खाली असेल तर खोल, वर असेल तर उथळ. चरातली पातळी आणि दोन चरांच्या मधोमध शेतातली पातळी एक नसते. वर्षानुवर्षं हवेत राहिलेलं पीट बारीक, घट्ट होतं आणि त्यातून पाणी फार हळू सरकतं. उन्हाळ्यात गवत पाणी ओढतं, चरातून तेवढं आत पोचत नाही, आणि मधली पातळी चरापेक्षा ३० ते ५० सेंटिमीटर खाली जाऊ शकते. हिवाळ्यात उलट होतं, पावसाचं पाणी चराकडे निघायला वेळ लागतो म्हणून मध्य वर असतो. पीट कुजतं ते मुख्यतः उबदार महिन्यांत, आणि नेमकं तेव्हाच पंपघराची नोंद सगळ्यात जास्त फसवते.

निरीक्षण नळ्या घाला. ५ सेंटिमीटर व्यासाची पीव्हीसी नळी, पीटच्या पूर्ण जाडीत चिरा पाडलेली, बाहेरून गाळणीचं कापड. खालचं टोक पीटच्या तळाशी असलेल्या वाळूत किंवा चिकणमातीत पक्कं रोवा. नळी पीटमध्येच तरंगती ठेवली तर पीट फुगताना-बसताना नळीही वर-खाली होते, आणि वर्षभरात काही सेंटिमीटरचा घोळ होतो. मात्र नळी पक्की रोवली की दुसरी काळजी घ्यावी लागते: जमिनीचा पृष्ठभाग हलतो, नळीचं तोंड हलत नाही. म्हणून नळीच्या तोंडापासून जमिनीपर्यंतचं अंतर प्रत्येक भेटीत पुन्हा मोजायचं. एकाच शेतात किमान तीन नळ्या: एक चराजवळ, एक पाव अंतरावर, एक मधोमध.

दाबावर चालणारा स्वयंनोंदक बसवणार असाल तर हवेच्या दाबाची दुरुस्ती विसरू नका. बंद नोंदक पाण्याच्या दाबासोबत हवेचाही दाब मोजतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास १ सेंटिमीटर पाणी. उत्तर जर्मनीत वादळ येऊन गेलं की दाब ३० हेक्टोपास्कलने सहज बदलतो, म्हणजे दुरुस्ती केली नाही तर पातळी ३० सेंटिमीटरने चुकते. हवेत टांगलेला एक नोंदक सगळ्या पट्ट्याला पुरतो.

सरासरी पूर्ण वर्षाची घ्या, शक्य असेल तर तीन-चार वर्षांची. २०१८ सारखं कोरडं वर्ष एकटं घेतलं तर सगळंच खोल निचऱ्यात जाईल.

पाणवठा

दोघांचेही आभार. चरांची लांबी नकाशावरून काढतोय. एक जुना मोजणी अहवाल हाती आला आहे. पट्ट्यातल्याच एका कुरणावर पारदर्शक चेंबर (वायू मोजायची बंद पेटी) ठेवून वर्षभर मोजलेलं. त्यात वायूंची निव्वळ देवाणघेवाण उणे ०.५ टन कर्ब प्रति हेक्टर आहे, म्हणजे कुरण कर्ब शोषून घेतंय. मग कुरणांना ६.१ किंवा ३.६ का लावायचा?

मोजपट्टी

त्या अहवालात कापून नेलेलं गवत धरलं आहे का ते आधी पाहा. चेंबर फक्त हवेशी होणारी देवाणघेवाण मोजतं. गवत वाढताना हवेतला कर्ब घेतं, ते कापून गोठ्यात नेलं की तो कर्ब शेताबाहेर गेला. गाईने खाल्ल्यावर वर्षाच्या आत तो परत हवेत जातो. शेताच्या कर्बाच्या जमाखर्चात ते जाणं ‘तोटा’ म्हणून लिहावंच लागतं.

समजा तीन कापण्यांत ९ टन कोरडं गवत निघालं. त्यात कर्ब ४५ टक्के धरला तर ४.०५ टन बाहेर. स्लरीवाटे (गोठ्यातल्या पातळ शेणखतातून) ०.६ टन आत आला. मग जमाखर्च असा: उणे ०.५ अधिक ४.०५ वजा ०.६, म्हणजे २.९५ टन कर्बाचा तोटा. कार्बन डायऑक्साइडमध्ये १०.८ टन. शोषक म्हणून दाखवलेलं कुरण प्रत्यक्षात उथळ निचऱ्याच्या गुणांकाच्या जवळ येऊन बसलं.

चेंबरच्या मोजणीत आणखी दोन ठिकाणी गडबड होते. पारदर्शक चेंबर उन्हात तापतं, आत दोन-तीन मिनिटांत तापमान चढतं आणि गवताचा श्वसनवेग बदलतो. थंड करण्याची सोय नसेल तर बंद ठेवण्याचा वेळ कमी ठेवावा लागतो. आणि वर्षभराचा आकडा मोजणीच्या मोजक्या दिवसांवरून तापमान-प्रकाशाच्या समीकरणांनी ताणलेला असतो. कापणीच्या आधी आणि लगेच नंतर मोजलं नसेल तर ते समीकरण उन्हाळाभर चुकीचं चालतं. अहवालात कापणीच्या तारखा आणि मोजणीच्या तारखा शेजारी ठेवून बघा.

ओलं_रान

चौथ्या प्रश्नावर लिहितो. मिथेन वाढतो हे खरं, आणि त्यालाही आकडे लावता येतात. पुन्हा ओल्या केलेल्या समृद्ध पीटसाठी त्याच पुरवणीत ०.५ टन कर्ब, विरघळून जाणारा ०.२४ टन कर्ब, आणि मिथेनमधला कर्ब २१६ किलो आहे. मिथेन झाला २८८ किलो, सममूल्य ८.१ टन. नायट्रस ऑक्साइड नगण्य. सगळं मिळून १०.८ टन. नांगरटीखालच्या ३७ टनांसमोर ठेवा: हेक्टरी २६ टनांची बचत. खोल निचऱ्याच्या कुरणावर १८, उथळवर ६.

पण त्या २१६ मागे अनिश्चितता प्रचंड आहे. मोजणीची कक्षा शून्यापासून ८५० किलोंच्या वर जाते. वरच्या टोकाला काय असतं ते समजून घेतलं पाहिजे. खत खाल्लेली जमीन, त्यावर हिरवं गवत उभं, आणि त्यात अचानक अर्धा मीटर पाणी सोडलं: गवत कुजतं, पाण्याखाली प्राणवायू नाही, ताजा पाला मिथेन करणाऱ्या जिवाणूंना आयता मिळतो. पहिली काही वर्षं मिथेन धो धो निघतो. म्हणून पाणी सोडण्याआधी गवत कापून बाहेर न्यायचं, आणि पातळी वार्षिक सरासरीने पृष्ठभागाच्या खाली १० सेंटिमीटर ते पृष्ठभागाच्या बरोबरीत ठेवायची. तळं करायचं नाही. वरचा २०-३० सेंटिमीटरचा खतावलेला थर खरवडून काढला तर मिथेन आणि पाण्यात उतरणारा फॉस्फरस दोन्ही कमी होतात. मात्र खर्च मोठा, आणि काढलेला थर बांधावर कोरडा पडून राहिला तर तोच कुजून कर्ब सोडतो. काढलेल्या मातीने चर भरणं त्यातल्या त्यात बरं.

आणखी एक. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो. ओल्या जमिनीतून दरवर्षी सारखाच मिथेन निघत राहिला तर काही दशकांत हवेतला त्याचा साठा स्थिर होतो. निचऱ्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षागणिक साठत जातो. म्हणून मिथेनच्या भीतीने काम पुढे ढकलणं मला चुकीचं वाटतं. दहा वर्षं थांबलात तर तुमच्या ३०० हेक्टर नांगरटीतून एक लाख टनांच्या वर आणखी निघून गेलेले असतील.

शेतातलं काम: चर बंद करताना एकच मोठा बांध घालू नका. प्रत्येक १० ते २० सेंटिमीटर उताराला एक बांध, नाहीतर वरचा भाग कोरडा आणि खालचा भाग बुडालेला राहतो. जुन्या निचरा नळ्यांचे नकाशे शोधून त्या खणून तोडाव्या लागतात. एक मातीची नळी राहिली तरी बांधाखालून पाणी जात राहतं आणि कुणाला कळत नाही. उन्हाळ्यात बाष्पीभवन पावसापेक्षा जास्त असतं, तेव्हा वरून पाणी आणायची सोय किंवा हिवाळ्यात साठवलेलं पाणी लागतं. आणि काम एका शेतकऱ्याच्या हद्दीत होत नाही. त्या पंपघरावर जेवढी जमीन अवलंबून आहे तेवढी सगळी एकत्र घ्यावी लागते. अडतं ते इथेच. तंत्र बाकी फार अवघड नाही.

ओल्या जमिनीवर उत्पन्न कसलं, हा पुढचा प्रश्न येईलच. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नमधल्या माल्खीन गावात २०१४ पासून ८०० किलोवॅटचं एक उष्णता केंद्र ओल्या कुरणांतल्या गवतावर चालतं. नॉयकालेनजवळ २०१९ मध्ये १० हेक्टरांवर पाणकणीस लावलं, बांधकामाच्या उष्णतारोधक फळ्यांसाठी. उंचवट्याच्या, आम्लधर्मी पीटवर स्फॅग्नम शेवाळाची लागवड होते, ते रोपवाटिकांतल्या पीटला पर्याय म्हणून विकता येतं. कापणीला चाकांऐवजी साखळीपट्ट्यांवर चालणारी, जमिनीवर कमी दाब देणारी यंत्रं लागतात, नेहमीचा ट्रॅक्टर रुततो. २०२३ पासूनच्या युरोपीय कृषी धोरणात अशी ओली शेती थेट अनुदानाला पात्र आहे. त्याआधी लव्हाळी उगवली की ती जमीन ‘शेती’ उरत नसे आणि अनुदान जाई.

२०२४ च्या युरोपीय निसर्ग पुनर्स्थापना कायद्यातही आकडे आहेत: शेतीखालच्या निचरा केलेल्या सेंद्रिय जमिनींपैकी ३० टक्क्यांवर २०३० पर्यंत उपाययोजना, त्यातला किमान पाव भाग पुन्हा ओला. २०४० ला ४० टक्के आणि २०५० ला ५० टक्के, दोन्ही वेळी किमान एक तृतीयांश ओला.

चिखलवाट

ओलं_रान, पूर्ण ओलं करणं जिथे जमत नाही तिथलंही सांगायला हवं. पाणी अर्धवट वर आणलं तरी फायदा होतो. ब्रिटन, आयर्लंडमधल्या आणि इतर ठिकाणच्या मोजण्या एकत्र करून २०२१ मध्ये जो निष्कर्ष निघाला तो वापरायला सोपा आहे: निचऱ्याची खोली १० सेंटिमीटरने कमी केली की हेक्टरी किमान ३ टन सममूल्य वाचतात, आणि हे पातळी ३० सेंटिमीटरच्या आसपास येईपर्यंत चालतं. त्याच्या वर मिथेनचं गणित सुरू होतं.

नेदरलँड्समध्ये यासाठी पाण्याखालच्या निचरा नळ्या वापरतात. कुरणात ४ ते ६ मीटर अंतराने नळ्या, चराच्या पातळीच्या खाली, म्हणजे उन्हाळ्यात चरातलं पाणी उलट शेताच्या मध्यात शिरतं. मोजपट्टींनी सांगितलेली ३०-५० सेंटिमीटरची तूट यानेच भरून निघते. पण फ्रिसलंडमधल्या मोजणीत अशा साध्या नळ्यांमुळे उत्सर्जन घटल्याचं दिसलं नाही. नळी घातली म्हणजे पातळी वर आली असं नाही. चराचीच पातळी खोल ठेवली तर त्याच नळ्या हिवाळ्यात निचरा अधिक जोरात करतात. म्हणून आता नळ्यांच्या टोकाशी हौद आणि पंप बसवून दाब नियंत्रित करण्याची पद्धत आली आहे. नुसत्या नळ्यांच्या क्षेत्राला बचतीचा गुणांक लावू नका, मधोमधच्या निरीक्षण नळीतला आकडा लावा.

कर्बवही

आता क्षेत्राबद्दल, कारण गुणांकापेक्षा तिथे मोठी चूक होऊ शकते. पीटचा नकाशा कधीचा आहे? जर्मन व्याख्येत मोर म्हणजे किमान ३० सेंटिमीटर जाडीचं, ३० टक्क्यांहून जास्त सेंद्रिय पदार्थाचं पीट. १५ ते ३० टक्के असेल तर आनमोर. आयपीसीसीची सेंद्रिय जमीन याहून रुंद आहे: १० सेंटिमीटर जाडीचा थरही चालतो, आणि थर २० सेंटिमीटरपेक्षा पातळ असेल तर वरची २० सेंटिमीटर माती मिसळून १२ टक्के कर्ब भरला पाहिजे. सेंद्रिय पदार्थ आणि सेंद्रिय कर्ब यांत जवळपास दुपटीचा फरक आहे, अहवाल वाचताना कोणता आकडा आहे ते पाहा. जुन्या नकाशातलं पीट एव्हाना काही ठिकाणी कुजून संपलेलं असतं. डेन्मार्कमध्ये २०२४ च्या नव्या नकाशात असं क्षेत्र बरंच घटलं.

इथे घाईने ‘मग उत्सर्जन कमी झालं’ असं लिहू नका. जर्मनीतल्या मोजण्यांत सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या, वाळू मिसळलेल्या पातळ थरांतूनही हेक्टरी उत्सर्जन खऱ्या पीटइतकंच आढळलं आहे. कडेच्या अशा जमिनी व्याख्येतून बाहेर गेल्या म्हणून कुजायच्या थांबत नाहीत. डेन्मार्क ६ ते १२ टक्के कर्बाची जमीनही वेगळ्या गटात धरतो, ते मला शहाणपणाचं वाटतं.

काळीमाती

थोडं विषयांतर, पण इथे वाचणारे बरेच जण महाराष्ट्रातले आहेत. हे ३७ टन आपल्या शेतांना लावू नका. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुतेक १ टक्क्याच्या आत असतो, ती खनिज माती आहे, तिथे २० वर्षांचीच पद्धत. भारतात जवळचं उदाहरण हवं तर केरळमधलं कुट्टनाड. समुद्रसपाटीपेक्षा खाली, पंपाने पाणी उपसून भात घेतात. तिथल्या ‘करी’ जमिनी सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या आहेत आणि त्यात गंधकयुक्त लोहखनिज आहे. पाणी उतरलं की त्याचं गंधकाम्ल होऊन सामू ४ च्याही खाली जातो. म्हणून तिथे पाणी खोल उतरवणं पिकालाच मारक ठरतं. उष्ण कटिबंधातल्या निचरा केलेल्या पीटवरच्या भाताचा आयपीसीसी गुणांक ९.४ टन कर्ब आहे, पण त्याची कक्षा शून्याच्या किंचित खालपासून २० पर्यंत. एवढ्या रुंद कक्षेचा आकडा एका तालुक्याला लावून काही सिद्ध होत नाही.

आपला खरा संबंध आयातीतून येतो. पामतेलाच्या बागा आग्नेय आशियात निचरा केलेल्या पीटवरही आहेत, तिथला गुणांक हेक्टरी ११ टन कर्ब आहे, जर्मन मक्याच्या शेतापेक्षा जास्त. रोपवाटिकांत आपल्याकडे कोकोपीट चालतं, ते नारळाच्या सालाचं. त्याचा या पीटशी नावापुरताच संबंध.

पाणवठा

नकाशा १९७० च्या दशकातला निघाला. नव्याने भोकं पाडून तपासावं लागणार. तोवर २९,००० हा आकडा वेडावाकडा नाही ना, हे पडताळायचा काही स्वतंत्र मार्ग आहे का? अहवाल बघणारे विचारतीलच.

मोजपट्टी

आहे. जमीन किती खचली ते बघा.

एक सेंटिमीटर जाडीचं पीट एका हेक्टरवर १०० घनमीटर भरतं. कोरडी घनता घनमीटरला २०० किलो धरली तर २० टन, कर्ब ४५ टक्के, म्हणजे ९ टन कर्ब, ३३ टन कार्बन डायऑक्साइड. उलट बाजूने, ७.९ टन कर्बासाठी वर्षाला ०.९ सेंटिमीटर पीट कुजावं लागतं. जमीन त्याहून जास्त खचते, कारण खचण्यात पीट आकसणं आणि दबणंही असतं. कुजण्याचा वाटा निम्मा धरला तर वर्षाला पावणेदोन सेंटिमीटर. बव्हेरियातल्या डोनाउमोसमध्ये १८३६ साली एक मोजखांब रोवला होता, तो आता सुमारे ३ मीटर उघडा आहे. सरासरी वर्षाला १.६ सेंटिमीटर. निचऱ्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं जोरात दबणं त्यात आलं आहे, तरी एकूण मान जुळतं.

तुमच्या पट्ट्यासाठी जुनं उंची सर्वेक्षण शोधा आणि आजच्या लेझर उंची नकाशातून वजा करा. दोन्ही एकाच उंची-आधाराला (उंची जिथून मोजतात त्या शून्य पातळीला) आणून घ्या, जर्मनीत तो बदललेला आहे आणि फरक सेंटिमीटरांत येतो, म्हणजे नेमका तुम्ही मोजताय त्या मापात. तपासणीचे बिंदू पट्ट्याबाहेरच्या वाळूच्या उंचवट्यावर किंवा जुन्या चर्चच्या पायावर घ्या. पीटवरचा रस्ता किंवा पूल चालणार नाही, तो जमिनीबरोबर खचलेला असतो. उंची नकाशा हिवाळ्यात किंवा कापणीनंतर विमानातून मोजलेला घ्या, उभं गवत असेल तर जमीन १०-१५ सेंटिमीटर वर दिसते. आणि घनता पुस्तकातली न घेता तुम्ही पाडणार आहात त्याच भोकांतून १०० घनसेंटिमीटरच्या कड्यांनी घ्या: नांगरटीचा वरचा थर ३०० किलोंच्या वर जातो, पाण्याखालचं न कुजलेलं पीट १५० च्याही खाली असतं. खचण्यावरून काढलेला आकडा आणि गुणांकाचा आकडा यांत दीडपटीपर्यंत फरक आला तर काळजीचं कारण नाही, नांगरटीच्या गुणांकाचीच कक्षा ६.५ ते ९.४ आहे. तिप्पट-चौपट आला तर आधी क्षेत्र तपासा, मग भूजलपातळी.